साळवे मॅडमचे ‘ते’

मागच्या महिन्यात रेल्वे स्टेशनला जायला रिक्षा केली. रिक्षावाला बोलका निघाला. कुठं राहता, काय करता, सगळं विचारून झालं. मी कॉलेजचं नाव सांगितलं, तिथं इतिहास शिकवायचो म्हणालो. त्यानं आरशातून माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाला, “अच्छा, मतलब साळवे मॅडम के कॉलेज में.”

मी त्या कॉलेजात तीस वर्षं काढली. विभागप्रमुख होतो. मॅडम माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी आल्या आणि विभागप्रमुख कधीच झाल्या नाहीत. हे त्याला सांगावं असं मनात आलं, पण तोवर तो सांगू लागला होता की त्याच्या मोहल्ल्यात मॅडम एकदा बोलायला आल्या होत्या, आणि त्याच्या अम्मीनं त्या दिवशी स्वयंपाक अर्धा टाकून भाषण ऐकलं. स्टेशन येईपर्यंत तो त्या भाषणाबद्दल बोलत होता. उतरताना म्हणाला, “आपने तो उनके साथ काम किया, बडे नसीबवाले हो.”

मॅडमना जाऊन वर्ष झालं. त्यांच्यावर लिहा म्हणून कॉलेजनं सांगितलं, त्यांच्या भावानं सांगितलं, माझ्या बायकोनं तर रोजच सांगितलं. मी टाळत होतो. अशा लेखात गेलेल्या माणसाचा मोठेपणा सांगायचा असतो, आणि मॅडमचा मोठेपणा मला पाठ आहे. अडचण अशी की तो मला कधी सोसला नाही. या बाईचा मला हेवा वाटत आला. त्या गेल्या तरी तो गेलेला नाही.

हेव्याचं कारण साधं. आमचा दोघांचा विषय एकच माणूस होता.

गेल्या शतकाच्या सुरुवातीचे एक मोठे पुढारी. देशभर नाव असलेले. माझा प्रबंध त्यांच्यावर. तरुणपणाची चांगली वर्षं मी पुण्यामुंबईच्या दप्तरखान्यांत आणि दिल्लीतल्या जुन्या कागदांत घालवली. त्या कागदांच्या धुळीनं दमा जडला तो कायमचा. मग त्याचं पुस्तक झालं, चारशे पानांचं. जाणकारांनी बरं म्हटलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते आहे. एकदा मी मुद्दाम काढून बघितलं, पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती.

आणि मॅडम आल्या. करमाडच्या. बुटक्या, सावळ्या, सुती साडी पक्की खोचलेली, डोळ्यांवर मोठा चष्मा. वडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे, घर बौद्ध, शिकलेली ही पहिलीच. जालना रोडनं स्कूटर चालवत यायच्या. पर्समध्ये कांदा असायचाच, डब्यातली भाकरी त्याच्याशिवाय खात नसत, आणि स्टाफरूममध्ये तो बुक्कीनं फोडायच्या. आल्या आल्या मी त्यांना विचारलं, कशात रस आहे. त्यांनी माझ्याच माणसाचं नाव घेतलं.

त्यांच्या तोंडून मी ते नाव ऐकलं ते पहिल्यांदा आणि शेवटचं. एरवी त्या नाव घेत नसत. ‘ते’ म्हणत. खेड्यातली जुनी बाई नवऱ्याबद्दल बोलते तसं. “त्यांना वकिली जमत होती, पण आवडत नव्हती.” “ते त्या दिवशी घरातून चिडूनच निघाले होते.” स्टाफरूममध्ये यावरून चेष्टा व्हायची. मी एकदा विचारलं की हे काय नवीन, नाव घ्यायला काय हरकत आहे. त्या म्हणाल्या, “नाव घेतलं की लोक भिंतीवरच्या फोटोकडं बघत्यात, सर. ‘ते’ म्हणलं की माझ्याकडं बघत्यात.”

म्हणून मीही इथं नाव घातलेलं नाही. वाचणाऱ्यानं कुठल्या फोटोकडं बघू नये.

या माणसाच्या नादी त्या कशा लागल्या ते त्यांनीच सांगितलं होतं. शाळेत असताना वक्तृत्वाला हा विषय आला. गुरुजींनी लिहून दिलेलं भाषण त्या घरात घोकत होत्या. वडील दारात बसून विडी ओढत होते. त्यांनी विचारलं, “थोर थोर म्हणतीस, पण करायचा काय हा माणूस?” पोरीनं सांगितलं, देशसेवा. वडील म्हणाले, “ती व्हय. पण सकाळी उठून काय करायचा?” ते भाषणात नव्हतं. मॅडम म्हणत की पुढं एम.ए. केलं ते त्या प्रश्नाचं उत्तर बापाला द्यायचं राहिलं म्हणून.

मला असा बाप नव्हता. माझे वडील खुलताबादकडचे बागायतदार. मुलगा डॉक्टरेट झाला म्हणून त्यांनी पेढे वाटले आणि कशात झाला ते कधी विचारलं नाही.

पहिला तडाखा बजाजनगरला बसला. तिथल्या कामगारांच्या एका मंडळानं जयंतीचं व्याख्यान ठेवलं होतं. वक्ता मी. मॅडमना मी सोबत नेलं ते आभार मानायला. हॉल भरला होता. पहिल्या पाळीहून आलेली माणसं, काहींच्या अंगावर कंपनीचाच शर्ट. मी तयारीनं गेलो होतो. त्या काळची आर्थिक स्थिती, दोन पक्षांतले मतभेद, पुढाऱ्याच्या धोरणातले टप्पे, सगळं क्रमानं मांडलं. अर्ध्या तासानं मागच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागल्या. माणसं उठून जातात तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज होतो, तो वक्त्यालाच नेमका ऐकू येतो. मी संपवलं तेव्हा निम्मी माणसं बाहेर पानटपरीवर उभी होती.

मॅडम आभाराला उठल्या. पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. भक्तिभाव वगैरे काही नव्हतं, पाय जमिनीला लागल्याशिवाय त्यांना बोलायला यायचं नाही. त्यांनी माझे आभार मानले आणि म्हणाल्या की सरांनी तुरुंगवासाचा उल्लेख केला, त्यातली एक गोष्ट सांगते आणि खाली बसते.

गोष्ट अशी होती. ‘ते’ तुरुंगात असताना बायको भेटायला गेली. दोन दिवसांचा प्रवास करून. भेट अगदी थोडा वेळ मिळणार, मध्ये शिपाई उभा. आणि त्या भेटीत दोघं कशाबद्दल बोलले? घराचा पत्रा गळत होता त्याबद्दल. कोणाकडून दुरुस्त करून घ्यायचा, तो माणूस फसवतो का, गाय आटली तर विकायची का ठेवायची. देशाचं नाव निघालं नाही. शिपायानं वेळ संपली म्हणून सांगितलं तेव्हा बायको चार पावलं गेली आणि परत येऊन म्हणाली, पत्र्याचं माझं मी बघते, तुम्ही त्याचा विचार करत बसू नका.

एवढंच. मॅडम हातवारे करत नसत, आवाज चढवत नसत. पण ‘पत्र्याचं माझं मी बघते’ म्हणाल्या तेव्हा मी दाराकडं बघितलं. पानटपरीवरची माणसं दारात येऊन उभी होती. एका कामगारानं हात वर करून विचारलं की वकिली सोडून हे सगळं करताना घरच्यांनी त्यांना अडवलं नाही का. मग दुसऱ्यानं विचारलं. आभार तासभर चालले.

परत येताना मी विचारलं, पत्र्याच्या गोष्टीला आधार काय. मॅडम म्हणाल्या की त्या पुढाऱ्याच्या नात्यातल्या एका फार म्हाताऱ्या बाईंकडं जाऊन त्या चार दिवस राहिल्या होत्या. त्या बाई मला ठाऊक होत्या. ऐकीव माहिती म्हणून मी त्यांच्याकडं गेलो नव्हतो.

तेव्हापासून बोलावणी त्यांना यायला लागली. कधी गंगापूर, कधी पैठण, कधी शहरातलीच एखादी वसाहत. त्या कोणालाही नाही म्हणत नसत, आणि घरच्यासारख्या जायच्या. मी त्यांच्या व्याख्यानांना जाऊन शेवटच्या रांगेत बसत असे. लोकांना वाटे, काय मनाचा मोठेपणा. मी चुका शोधायला जात होतो.

एक सापडली. त्यांनी एका अधिवेशनाचं गाव चुकीचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये, चार लोक ऐकत असताना, मी ती चूक दाखवली. त्यांनी कांदा खाली ठेवला, गाव दोनदा पुटपुटलं आणि मान हलवली. मला फार बरं वाटलं. पुढच्या व्याख्यानात त्यांनी सुरुवातच अशी केली: “गेल्या वेळी मी तुम्हाला एक चुकीचं गाव सांगितलं. आमचे शेळके सर मागं बसले आहेत, त्यांनी मला सावध केलं. माझं चुकलं होतं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी नव्हे. चूक कबूल करणाऱ्या बाईसाठी.

घरातही तेच. माझी बायको सुनंदा बँकेत होती. माझं पुस्तक तिनं टाइप करून दिलं होतं, म्हणजे त्यातला शब्द न् शब्द तिच्या बोटांखालून गेलेला. ती एकदा मैत्रिणींबरोबर मॅडमना ऐकायला गेली. त्या दिवशी मॅडम त्या पुढाऱ्याच्या उतारवयाबद्दल बोलल्या होत्या. नवी तरुण मंडळी पुढं आली, सभेतले ठराव त्यांच्याकडून यायला लागले, आणि हे गृहस्थ व्यासपीठाच्या कडेला बसलेले. एका सभेत यांना बोलायला उठवलंच नाही. घरी आल्यावर नातवानं विचारलं, आज काय बोललात, तर यांनी न झालेलं भाषण त्याला अथपासून इतिपर्यंत म्हणून दाखवलं.

सुनंदा घरी आली ती डोळे पुसत. कुकर लावता लावता तिनं मला ही गोष्ट सांगितली, जणू मला ठाऊकच नाही. मग थांबून म्हणाली, “अहो, तुम्ही एवढी वर्षं त्यांच्यावर अभ्यास केलात. मग हे मला का नाही सांगितलंत?”

मी म्हणालो, प्रकरण नववं बघ. तिनं कुकरची शिट्टी बसवली.

तरी एक जागा अशी होती जिथं मला वाटायचं, इथं तरी बाई अडतील. या पुढाऱ्याच्या चरित्रात एक दुखरी बाब आहे. ज्यांना देवळाच्या पायरीवर चढू देत नव्हते ती माणसं त्यांच्याकडं गेली होती, तुमचा शब्द चालतो, तुम्ही बोला म्हणून. ते बोलले नाहीत. आधी स्वराज्य येऊ द्या, मग घरातलं बघू, अशी त्यांची भूमिका. माझ्या पुस्तकात हे आहे. तळटिपेत आहे, पण आहे.

मॅडमच्या माणसांना त्यांचा हा नाद पटत नव्हता. त्यांचा भाऊ कॉलेजात आला होता एकदा, मी समोरच होतो. तो म्हणाला, ज्यानं आपल्यासाठी तोंड उघडलं नाही त्याच्यासाठी तू गावोगाव तोंड कशाला उघडतीस. मॅडम त्याला चहा ओतून देत म्हणाल्या, “दादा, मी नाय सांगितलं तर दुसरे सांगतील. आणि दुसरे हे गाळून सांगतील.”

त्या वर्षी शहरात मोठा कार्यक्रम होता. पुढाऱ्याची जयंती, मोठं सभागृह, पुढच्या रांगेत प्रतिष्ठित मंडळी. वक्त्या मॅडम, अध्यक्ष मी. सुरू होण्याआधी आयोजकांपैकी एक सभ्य गृहस्थ मॅडमना बाजूला घेऊन म्हणाले की सोहळ्याचा दिवस आहे, ते देवळाचं प्रकरण आज नको. त्यांनी हात जोडून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, बघते.

त्या तासभर बोलल्या. बालपण, वकिली, वर्तमानपत्र, तुरुंग. पुढची रांग खूश होती. मग त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, आणि देवळावर आल्या. कोण गेलं होतं त्यांच्याकडं, कसे दारात उभे राहिले, काय मागितलं, काय उत्तर मिळालं. माझ्या तळटिपेतलंच सगळं. फक्त त्यात माणसं होती. शेवटी म्हणाल्या की माझा आजाही असाच एका देवळाबाहेर उभा राहिलेला माणूस, तो तिथून परत फिरला आणि पुन्हा कुठल्याच देवळाकडं गेला नाही.

तेवढ्यात माइक बंद पडला. पडला का पाडला, मी बघितलं नाही. सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागून कोणीतरी ओरडलं, विषयावर बोला. अध्यक्ष म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी काय करावं याचा विचार करत होतो, तोवर मॅडम व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून खाली गेल्या होत्या. लोकांच्या मध्ये उभ्या राहून, उघड्या आवाजात, शांतपणे बोलल्या.

“मी त्यांच्यावर रागावलेली आहे. आजही. पण या माणसानं स्वतःचं सगळं घर देशाला दिलं, हेही मीच तुम्हाला मघाशी सांगितलं आणि ते खोटं नाही. दोन्ही घ्या. एकच घेणार असाल, तर तुम्हाला ते नको आहेत, नुसता फोटो पाहिजे.”

काही लोक उठून गेले. राहिलेल्यांनी खुर्च्या उचलून त्यांच्याजवळ ओढल्या. मी व्यासपीठावर एकटा, समोर फुलदाणी. खाली सगळ्यांच्या पाठी माझ्याकडं. त्या घटकेला मला जे वाटलं त्याला कौतुक म्हणता आलं असतं तर किती सोपं झालं असतं. मला वाटलं, ही मला सुचायला हवी होती. ही वाक्यं. हा माणूस माझा होता, आधी मला सापडला होता, आणि याच्यावर एवढा राग धरायचं धाडस हिच्यात आलं कुठून.

त्यानंतर दोन वर्षं त्यांना फारशी बोलावणी आली नाहीत. मोठ्या सभागृहांतून तर नाहीच. ती मला यायला लागली. मी बोलायचो, लोक ऐकून घ्यायचे, शाल मिळायची. कार्यक्रम संपल्यावर कोणीतरी हमखास जवळ येऊन हळूच विचारायचं, साळवे मॅडम हल्ली कुठं दिसत नाहीत. त्या दिसत होत्या, फक्त लहान जागी. बचत गटाच्या बैठकीत, वस्तीवरच्या वाचनालयात, एकदा तर आठवडी बाजाराच्या कडेला. रिक्षावाल्याची अम्मी त्यांना भेटली ती तेव्हाच.

मग घसा धरला. आधी खोकला समजून काढे झाले, मग तपासण्या, मग शस्त्रक्रिया. जीव वाचला, आवाज गेला. पूर्ण गेला. मी भेटायला गेलो तेव्हा त्या घराच्या ओट्यावर शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी हातानं बसा म्हणून खुणावलं. आम्ही बराच वेळ शेंगा सोलल्या. मला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं, आणि त्याच्या खाली कुठंतरी हेही होतं की आता मैदान मोकळं आहे. माणसाच्या मनात या दोन गोष्टी शेजारी शेजारी बसू शकतात.

निघताना त्यांनी माझा हात धरला आणि आत बसलेल्या भावाला हाक मारल्यासारखी टाळी वाजवली. भाऊ बाहेर आला. त्यानं सांगितलं की करमाडला दरवर्षी ही बोलते, गावातल्या शाळेच्या अंगणात. या वर्षी तिची इच्छा आहे की सरांनी बोलावं.

मी गेलो. अंगणात सतरंज्या, पुढं बाया, मागं पुरुष, कडेला ट्रॅक्टरवर बसलेली दोघंचौघं. मॅडमना पहिल्या रांगेच्या टोकाला खुर्ची दिली होती, माझ्याकडं अर्धी पाठ, लोकांकडं अर्धं तोंड. मी या वेळी कागद आणला नव्हता. ठरवून त्यांच्या पद्धतीनं बोललो. तुरुंगातली भेट सांगितली, पत्रा सांगितला. देवळाचं प्रकरणही सांगितलं, न गाळता. आणि लोक ऐकत होते. कोणी हललं नाही. बायांनी पदर तोंडाला लावले. माझ्या आयुष्यात प्रथमच मधून कोणी उठून गेलं नाही. मला वाटलं, जमलं. इतक्या वर्षांनी जमलं.

मग माझ्या लक्षात आलं की माझ्याकडं कोणी बघत नाही. सगळ्या बायांची तोंडं उजवीकडं वळलेली होती. मॅडम खुर्चीत बसून माझ्याबरोबर बोलत होत्या. आवाज नव्हता, पण ओठ चालू होते, आणि माझ्यापेक्षा अर्धं वाक्य पुढं. मी ‘पत्र्याचं’ म्हणायच्या आत त्यांच्या चेहऱ्यावर ती बायको चार पावलं जाऊन परत फिरलेली असायची. लोक त्यांच्याकडं बघत होते आणि माझं ऐकत होते, जसं पडद्यावरच्या माणसाचा आवाज कुठल्या डब्यातून येतोय याकडं कोणी बघत नाही.

संपलं. टाळ्या बऱ्याच झाल्या. एक म्हातारी काठी टेकत पुढं आली. मी हात जोडून उभा होतो. ती माझ्यासमोरून गेली आणि मॅडमच्या खुर्चीपाशी थांबली. त्यांच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “बाई, आज लई मन लावून सांगितलंत.”

मॅडमनी डोकं हलवलं आणि माझ्याकडं बोट केलं. म्हातारीनं वळून मला खालवर बघितलं. वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, “व्हय, हे पण बोलले मधी मधी.”

मॅडमना हसू आवरेना. आवाज नसलेलं हसू, नुसते खांदे हलत होते, चष्म्याखालून पाणी येत होतं. भावानं त्यांना धरून गाडीत बसवलं. गाडी जालना रोडला लागेपर्यंत मागच्या काचेतून मला त्यांचे खांदे हलताना दिसत होते. नंतर मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.